हिरव्या पट्टीची नळी

१

आर्वो केंपाइनेनची सकाळ गेली कित्येक वर्षं एकाच वाटेनं चालत आली होती. उठायचं, खिडकीतून बर्फ किती उरलाय ते बघायचं, रेडिओवर हवामान सांगणाऱ्या पोराला एक शिवी हासडायची आणि बूट चढवून घरामागच्या शेडमध्ये जायचं. तिथं लाकडाची शेगडी पेटवायची. शेगडी तापेपर्यंत कॉफी. मग कॉफीचा मग हातात धरूनच गाडीचं बॉनेट उघडायचं आणि काल केलेल्या कामाकडे बघत उभं राहायचं. हा बघत उभं राहण्याचा वेळ त्याच्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा. बायको लेंपी त्याला 'प्रार्थना' म्हणायची.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, ओन्नीची. तांब्याच्या खाणीत लागल्यावर पहिल्या पगारांतून साठवून ओन्नीनं ती कोरी घेतली होती. गडद हिरवी, दोन दारांची, हातानं गियर टाकायची. तिचे पुढचे दिवे झाकणांमागे दडलेले असत. दिवे लावले की झाकणं पापण्यांसारखी उघडत. पुढे ती गाडी मागच्या अंगणात सडली, उंदरांनी तिच्यात संसार थाटले, आणि ओन्नीच्या हातून काही होईना झालं तेव्हा आर्वोनं ती आपल्या शेडमध्ये ओढून आणली. ओन्नीला एकदा, निदान एकदा, पुन्हा त्या सीटवर बसवायचं एवढंच त्याच्या मनात होतं.

पत्रा झाला, रंग झाला, इंजिन उघडून बांधून झालं. उरल्या होत्या व्हॅक्यूमच्या नळ्या. इंजिन चालताना हवा आत ओढतं, आणि जुन्या गाड्यांमधली निम्मी कामं त्या ओढीवरच चालतात. दिव्यांची झाकणं तिनंच हलतात, हीटरची दारं तिनंच हलतात, ठिणगी थोडी आधी पडावी की नंतर हेही तीच ठरवते. त्यासाठी करंगळीहून बारीक रबरी नळ्यांचं एक जाळं इंजिनभर पसरलेलं असतं. कुठली नळी कुठल्या तोंडाला हे चुकलं, तर गाडी चालते, पण रडतखडत चालते. म्हणून कंपनी प्रत्येक नळीवर रंगाची पट्टी ओढायची आणि बॉनेटखाली नकाशाचा एक स्टिकर चिकटवायची. ओन्नीच्या गाडीवरचा स्टिकर गंजात केव्हाच गळून पडला होता. आर्वोनं कॅटलॉगमधून नवा मागवला, फूटपट्टी लावून चिकटवला आणि त्याबरहुकूम एकेक नळी जोडली.

हिरव्या पट्टीची नळी ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून कार्बोरेटरला जायची होती. कार्बोरेटरला तिच्याजोगी दोन तोंडं होती, एक वर आणि एक खाली. स्टिकर म्हणत होता, वरचं. आर्वोनं काल वरच्याच तोंडाला बसवली होती आणि खालच्या तोंडाला रबरी टोपी घातली होती.

आज ती खालच्या तोंडाला होती. टोपी वरच्याला.

त्यानं कॉफीचा घोट गिळला. "काल डोळे झोपले होते वाटतं," असं स्वतःशीच म्हणाला, नळी ओढून काढली, वर बसवली आणि दुसऱ्या कामाला लागला.

२

जेवण करून परत आला तो वेंडेल ट्रुडेल शेडमध्ये हजर. वेंडेल गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. स्वतःची एकही गाडी त्यानं धड पुरी केली नव्हती, पण दुसऱ्याच्या गाडीतला चुकीचा स्क्रू त्याला रस्त्यापलीकडून दिसायचा. तो बॉनेटखाली डोकं घालून उभा होता.

"आर्वो, तुला वाचता येतं ना रे?"

"का?"

"हे बघ. इथं चित्र काढून दिलंय, बाण काढून दिलेत. लहान पोराला कळेल. हिरवी वर. तू कुठं लावलीस?"

आर्वो वाकला. नळी खालच्या तोंडाला होती. सकाळी आपण ती वर बसवली, बसवताना अंगठ्याला झिणझिण्या आल्या, हे त्याला लख्ख आठवत होतं. मध्ये तो फक्त जेवायला गेला होता.

"तू हात लावलास का?" त्यानं विचारलं.

"मी? दुसऱ्याच्या इंजिनला? मी काय रानटी आहे?" वेंडेल खरोखरच दुखावला. आणि ते खरंही होतं. त्यांच्या क्लबात एक वेळ दुसऱ्याच्या बायकोला नाचायला नेलेलं खपायचं, पण न विचारता दुसऱ्याच्या पान्याला हात लावलेला खपत नसे. "स्टिकर म्हणजे बायबल आहे बाबा. त्याच्याशी वाद घालायचा नाही. प्रदर्शनाला परीक्षक येतील ते गाडी बघणार नाहीत, स्टिकर बघतील."

"माहीत आहे मला."

"मग नीट लाव." वेंडेलनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हातारा झालास लेका. दुसरं काय?"

वेंडेल हसत हसत गेला. आर्वोच्या चेहऱ्यावर हसू काही येईना. त्यानं नळी वर बसवली आणि बराच वेळ त्या नळीवर बोट दाबून उभा राहिला.

३

म्हातारं होण्याची आर्वोला भीती नव्हती. भीती होती ती ओन्नी होण्याची.

ओन्नीचं सुरू झालं ते असंच. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला होता, "कोणीतरी माझी हत्यारं हलवतंय." सगळे हसले. आर्वो सगळ्यात मोठ्यानं हसला. मग ओन्नी रोज तेच म्हणायला लागला. शेजाऱ्यावर आळ घेतला, टपालवाल्यावर घेतला, एकदा आर्वोवरही घेतला. पाने पिठाच्या डब्यात सापडले, गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये. हळूहळू हत्यारांची नावं गेली, मग माणसांची. आता सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात तो खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचा, आणि आर्वो गेला की कधी त्याला 'बाबा' म्हणायचा, कधी 'साहेब'.

म्हणून आर्वोला तेच वाक्य लेंपीपुढे उच्चारण्याचा धीर होईना. 'कोणीतरी माझी नळी हलवतंय.' जिभेवर यायचं आणि तो गिळून टाकायचा.

पण लेंपी काही आंधळी नव्हती. नवरा जेवणावरून उठून शेडमध्ये जातो, येतो, पुन्हा जातो, हे तिला दिसत होतं. एका संध्याकाळी साउनाच्या गरम खोलीतून बाहेर पडून दोघं पायरीवर वाफाळत बसली असताना ती म्हणाली, "मंगळवारी हॉटनला जायचंय. डॉक्टरकडे वेळ घेतलीय."

"तुला काय होतंय?"

"मला नाही. तुला."

"मला काय होतंय?"

"तेच तर विचारायचंय डॉक्टरला," लेंपी म्हणाली. "चार प्रश्न विचारतील. कागदावर घड्याळ काढायला सांगतील. काढशील ना?"

"मी घड्याळ दुरुस्त करून देईन त्याला," आर्वो ओरडला. ओन्नीलाही घड्याळ काढायला सांगितलं होतं. त्यानं सगळे आकडे एकाच बाजूला काढले होते.

मग आर्वोनं आपल्या परीनं छडा लावायचं ठरवलं. नळी वर बसवून तिच्यावर आणि तोंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे नळी हलली तर रेघ तुटेल. फोनवर फोटो काढला. शेडला कुलूप घातलं आणि किल्ली पँटच्या खिशात घालून झोपला.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. फोटोत नळी वर. बॉनेटखाली नळी खाली, आणि पांढरी रेघ मधोमध सफाईनं तुटलेली. ओरबाडलेलं नाही, खेचलेलं नाही. बसवणाऱ्यानं ती दाबून शेवटी जराशी पिळून पक्की केली होती, चांगला कारागीर करतो तशी.

आता किल्ली आर्वोच्या खिशात होती, तेव्हा संशयितही एकच उरत होता. त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. नखांत पांढरा रंग नव्हता. पण हात धुऊन टाकले असतील. झोपेत माणूस काय काय करतो. आणि ते विसरतो, हेच तर ओन्नीच्या आजाराचं लक्षण.

४

त्या दिवशी त्याला काम सुचेना. छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत होता. शेगडीत लाकूड तडतडत होतं. एवढेच आवाज, आणि दोन्ही त्याच्या ओळखीचे. त्यातून तिसरा आवाज त्याला कधी ऐकू यायला लागला ते सांगता येणार नाही.

अगदी बारीक. चहाच्या बशीवर कुणी ओठ लावून हवा ओढावी तसा. येई, थांबे.

व्हॅक्यूमची गळती आर्वोला चांगली ठाऊक होती. कुठं नळीला चीर असली की असाच सुस्कारा येतो. पण त्यासाठी इंजिन चालू असावं लागतं, आणि इंजिन कालपासून बंद होतं. त्यानं सिलिंडरवर हात ठेवला. थंडगार.

"टाकीत उरली असेल," तो मोठ्यानं म्हणाला. दिव्यांच्या झाकणांसाठी एक छोटी टाकी असते, तिच्यात थोडी ओढ साठून राहते. बरोबर. कारण सापडल्यावर माणसाला जरा बरं वाटतं. त्यानं टाकीची नळी उपसून काढली. 'फुस्' करून टाकीतली ओढ संपली. दिव्यांची दोन्ही झाकणं हळूहळू उघडली आणि तशीच उघडी राहिली.

तो आवाज मात्र येतच होता.

तो वाकून वाकून शोधत गेला आणि हिरव्या पट्टीच्या नळीपाशी थांबला. कार्बोरेटरच्या तोंडावरून त्यानं ती काढली. तिचं दुसरं टोक डिस्ट्रिब्युटरवरच्या छोट्या डबीला, आणि ती डबी पलीकडे कुठंच जात नाही. बंद डबी. तिथं ओढ असायचं काही कारणच नाही. आर्वोनं नळीच्या उघड्या टोकावर अंगठा धरला.

नळीनं अंगठा आत ओढला.

जोरात नाही. तान्हं मूल बोट तोंडात घेतं तेवढ्याच जोरानं. मग ओढ ढिली पडली. जरा थांबली. पुन्हा लागली. एक लांब, मग थोडा खंड, मग दोन आखूड. पुन्हा एक लांब.

आर्वोनं अंगठा काढला नाही. काढायचा होता, पण हात ऐकेना. डोक्यातला मेकॅनिक अजून बडबडत होता, की हवा गरम झाली असेल, डबीचा पडदा फुगला असेल, दाब बदलला असेल. मेकॅनिकचा आवाज उतरत उतरत थांबला. शेडमध्ये फक्त पन्हळ ठिबकत राहिली, आणि त्याच्या अंगठ्यावर कोणीतरी श्वास घेत राहिलं.

शेवटी त्यानं नळी सोडून दिली आणि मागं न बघता घराकडे चालत आला. धावला नाही. पण ते फक्त निसरडं होतं म्हणून.

५

रविवारी तो वृद्धाश्रमात गेला. लेंपीनं वेलदोड्याचा गोड पाव भाजला होता, तो घेऊन. ओन्नी खिडकीशी झोपला होता. तोंड उघडं, हनुवटी छातीवर. आर्वोनं खुर्ची ओढली आणि पाव मांडीवर ठेवून बसून राहिला. खिडकीबाहेर सरोवराचा बर्फ फुटून काठाला लागला होता.

एक लांब श्वास. थोडा खंड. दोन आखूड. पुन्हा एक लांब.

आर्वो उठून उभाच राहिला. मग हळूच पुन्हा बसला. झोपलेली म्हातारी माणसं अशीच घोरतात, त्यानं स्वतःला समजावलं. सगळ्यांचे श्वास सारखेच. पण खोलीत आणखी एक म्हातारा झोपला होता, आणि त्याचा श्वास अगदी निराळा होता.

"ओन्नी," तो कुजबुजला. "तू असतोस कुठं रे?"

ओन्नीनं डोळे उघडले, त्याच्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, जरा दार लावता का? गार येतंय."

आर्वोनं दार लावलं. गाडीत बसून तो थोडा वेळ रडला, मग नाक पुसून घरी आला.

आला तो तडक शेडमध्ये. आता त्याला रागच आला होता. त्या नळीला खालीच राहायचं आहे ना? मग राहू दे खाली. वेंडेल मरू दे आणि परीक्षकही मरू देत. त्या दिवशी मोकळी सोडलेली नळी आता खाली होतीच. त्यानं टाकीची नळी जोडली, शेडचं मोठं दार उघडलं आणि इंजिन चालू केलं.

गेले दोन आठवडे ते इंजिन त्याला छळत होतं. उभ्या उभ्या तापायचं, धडधडायचं, व्हॅक्यूम मोजायचा गेज लावला की काटा तापानं कापल्यासारखा थरथरायचा. आर्वोनं त्यासाठी कार्बोरेटर दोनदा उघडला होता. आणि आज ते इंजिन गुपचूप चालत होतं. काटा एका जागी स्थिर. बॉनेटवर कॉफीचा मग ठेवला असता तर कॉफीला लाट आली नसती. दिव्यांची झाकणं मिटली ती मिटलीच. त्यानं पाणी उकळतंय का म्हणून बराच वेळ वाट पाहिली. पाणी उकळलं नाही.

त्यानं चष्मा पुसला आणि स्टिकर वाचला, चित्र नाही, खालची बारीक अक्षरं. कोपऱ्यात लिहिलं होतं की हा नकाशा आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्यांसाठी आहे. ओन्नीची गाडी हातानं गियर टाकायची. तसल्या गाड्या थोड्याच निघाल्या होत्या, त्यांचा स्टिकर आता कोण छापणार? कॅटलॉगवाल्यानं होता तो पाठवला. आर्वोनं चिकटवला, वेंडेलनं त्याला बायबल ठरवलं. गाडी काय म्हणते हे दोघांपैकी कुणी विचारलंच नाही. जुन्या गाड्यावाल्यांची ही खोडच आहे. कागदावर विश्वास, लोखंडावर नाही.

आर्वो शेगडीपाशी जाऊन बसला आणि विचार करू लागला. नळीची जागा खालीच आहे हे त्याला आज कळलं होतं. मग आजवर रोज ती खाली कोण लावत होतं? आपणच विसरून लावत असू, तर विसरणारा आर्वो शुद्धीतल्या आर्वोपेक्षा हुशार म्हणायचा. लहानपणी ओन्नी काम करायचा तेव्हा आपण बॅटरी धरून उभे असायचो. तेव्हाचं काही डोक्यात खोल राहिलं असेल? असेलही. आजार माणसाला जुनंच आठवू देतो म्हणतात.

सगळ्या वाटा फिरून तिथंच येत होत्या. एक तर त्याचं डोकं बिघडत चाललं होतं, नाही तर शेडमध्ये कोणीतरी होतं. आणि आर्वोला एकाएकी जाणवलं की आपण अगदी कळवळून दुसरी गोष्ट खरी असावी म्हणून प्रार्थना करतोय. भूत असू दे देवा. फक्त भूतच असू दे.

६

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं लेंपीला सगळं सांगितलं. वाक्य जिभेवर आलं आणि या वेळी त्यानं ते गिळलं नाही. "लेंपी, कोणीतरी माझी नळी हलवतंय."

लेंपीच्या हातातली बशी पाण्यात तशीच राहिली. तिचे डोळे भरून आले ते तिनं लपवलं नाही. तिनंही ओन्नीला तेच म्हणताना ऐकलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "चल, दाखव."

"तुला खरं वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही. तू म्हणतोस तर मी येऊन बसते. पस्तीस वर्षं शाळेत मुलांवर नजर ठेवलीय, एका नळीवर ठेवायला काय जातंय?"

आर्वोनं तिच्या डोळ्यांदेखत नळी काढून वर बसवली. "ही चूक आहे," त्यानं सांगितलं. "मुद्दाम करतोय."

मग दोघं बसली. लेंपी बॉनेटच्या बाजूला स्टुलावर विणकाम घेऊन, आर्वो शेगडीपाशी. खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. उन्हात धूळ दिसत होती, कोळ्याची जाळी दिसत होती, भिऊन जावं असं काही दिसत नव्हतं. लेंपीनं मोज्याची टाच वळवली. भाजीचं बोलणं झालं, लेकीच्या फोनचं झालं, वेंडेलच्या नव्या दातांचं झालं. आर्वोला आपली लाज वाटायला लागली. आपण बायकोला धरून आणून एका रबराच्या नळीपुढे बसवलंय. उद्या डॉक्टरला हेच सांगायचं.

"सोड," तो म्हणाला. "चल, जाऊ घरी. मी काढीन उद्या घड्याळ."

लेंपी विणतच राहिली. आर्वो शेगडीत शेवटचं लाकूड सारायला वाकला. पाठ गाडीकडे होती.

'पुच्' असा आवाज झाला.

घट्ट बसलेली नळी तोंडावरून उपटताना होतो तो. आर्वोनं आयुष्यभर ऐकलेला. त्याच्या हातातलं लाकूड निखाऱ्यांवर पडलं. मागं विणकामाच्या सुया थांबल्या होत्या. तो वळला, आणि त्याला दिसलं ते इतकंच, की हिरव्या पट्टीची नळी खालच्या तोंडात शिरत होती. हळू, जोर लावून, वाकडी न होता. पुरी आत गेल्यावर ती जराशी पिळली गेली आणि थांबली. वरच्या तोंडावर टोपी बसली. मग सगळं स्तब्ध.

लेंपी जागची हलली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाहिलंस?" आर्वोनं विचारलं.

"पाहिलं."

"नळी गेली ना खाली? आपली आपण?"

"आपली आपण नाही," लेंपी म्हणाली. "हात होता."

"कुणाचा?"

"इंजिनाच्या पलीकडून आला. भिंतीच्या बाजूनं. मनगटापर्यंतच दिसला. तरुण होता, आर्वो. दंड भरलेला असेल असा हात. आणि..." तिनं आपलंच मधलं बोट वर धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याचं वरचं पेर झाकलं. "हे एवढंच होतं. बाकीचं नव्हतं."

खाणीतल्या गाडीच्या जोडणीत सापडून ओन्नीचं ते बोट गेलं तेव्हा लेंपी या घरात आलीही नव्हती. पण जेवताना मीठ मागायला पुढे येणारा तो हात तिनं निम्मं आयुष्य पाहिला होता.

आर्वो इंजिनाच्या पलीकडे जाऊन आला. तिथं भिंत होती, फावडं होतं, आणि माणूस काय, मांजरही उभं राहणार नाही एवढी जागा होती. तो परत आला आणि लेंपीच्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला. लेंपीचा हात बर्फासारखा गार पडला होता, तो त्यानं दोन्ही हातांत धरला. दोघंही भ्यायली होती, आणि आर्वोला इतका आनंद झाला होता की तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

"तुलाही दिसलं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुलाही दिसलं."

"हो रे बाबा. दिसलं मला."

"म्हणजे तो तिथं नाहीये. त्या खुर्चीत. म्हणून ओळखत नाही. तो इकडे आहे."

लेंपीनं थोडा विचार केला. "गाडीचं काम चाललेलं असताना ओन्नी खुर्चीत बसेल, असं वाटलंच कसं आपल्याला?"

७

मंगळवारी निघायच्या आधी आर्वो शेडमध्ये गेला. लेंपी कोट घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन त्याच्या मागं आली. आदल्या दिवशीची भीती तिच्या अंगातून गेली नव्हती. उंबऱ्यापाशी ती जराशी थांबली आणि मगच तिनं आत पाऊल टाकलं.

आर्वो फडकं पसरून त्यावर पाने मांडत होता.

"उशीर होईल," ती म्हणाली. मग तिचं लक्ष पुढं गेलं. "अरे, त्या दिव्याची नळी सुटलीय."

"मीच सोडलीय. चोकही काढून ठेवलाय. ते ओन्नीचं काम. त्याला रिकामं बसवत नाही."

"आणि स्टिकर?"

"काढला. वेंडेलला सांगितलं, चिकटव तुझ्या फ्रिजवर." त्यानं हात पुसले. पण निघाला नाही. इंजिनाच्या पलीकडच्या त्या अरुंद फटीकडे बघत तो म्हणाला, "लेंपी, काल आपण जे पाहिलं त्यानं माझं डोकं शाबूत आहे असं काही ठरत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"समजा आज डॉक्टर म्हणाला, सुरुवात झालीय. समजा पुढंमागं मी त्या खिडकीशी बसलो आणि तुला म्हणालो, बाई, जरा दार लावता का?"

"आर्वो."

"ऐक तर. तसं झालं ना, तर तिथं रडत बसू नकोस. थोडा वेळ बस, माझं तोंड पूस, पाव भरव. आणि मग इकडे ये. शेगडी पेटव. मी इथंच असेन कुठंतरी."

पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"तूच आहेस हे मला कळायचं कसं?" शेवटी तिनं विचारलं. "ओन्नीला निदान बोट तरी नाही."

"काहीतरी उलटं लावून ठेव. मी सरळ करून ठेवीन."

"मी लावलेलं सगळं तू जन्मभर उलटंच म्हणत आलायस," लेंपी म्हणाली. तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, ती सरळच होती तरी. "येईन मी. रोज येईन. पण एक सांगून ठेवते, नुसता हात दाखवून पळायचं नाही. माझ्याशी बोलायचं."

"बोलेन," आर्वो म्हणाला, आणि घड्याळ काढायला हॉटनला निघाला.